मंडळ राहिलं, माणसं गेली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी सोनगीरचा. धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की आग्रा रोडच्या कडेला एक टेकडी आणि तिच्यावर पडका किल्ला दिसतो, तेच आमचं गाव. सोनगीर म्हटलं की तांब्या-पितळेची भांडी. आज ठोक्यांचा आवाज पूर्वीच्या मानानं बराच कमी झाला आहे, पण माझ्या लहानपणी त्या आवाजानंच जाग यायची. आमच्या घरी भट्टी होती. भट्टीसाठी मोड लागायची, म्हणजे जुनी, फुटकी, टाकाऊ भांडी. वडील ती मुंबईहून, तांबाकाट्यावरून आणत. पोती उघडली की आम्हा पोरांचं काम ठरलेलं. पितळ एकीकडे, तांबं एकीकडे, आणि डाग दिलेले तुकडे वेगळे.

एकदा त्या पोत्यातून एक पितळी परात निघाली. काठावर नाव घातलेलं होतं. आडनाव ‘कर’नं संपणारं, कोकणातलं वाटावं असं. त्याच्याखाली मात्र वेगळ्याच लिपीत चौकोनी, ठसठशीत अक्षरं होती. उर्दू नव्हे, कारण उर्दू अक्षरं आम्ही बाजारात पाहत होतो. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “असेल कुणाची तरी. विकून गेले असतील गावाला.” परात दुसऱ्या दिवशी भट्टीत गेली. धंदा होता, त्यात वावगं काहीच नव्हतं.

पुढे मी मास्तर झालो, इतिहास शिकवू लागलो. एका पुस्तकात तीच चौकोनी अक्षरं दिसली आणि कळलं, ती हिब्रू होती. ती परात एखाद्या मराठी ज्यू घरातली असणार, आणि ते घर बहुधा खरोखरच ‘गावाला’ गेलेलं असणार. मात्र ते गाव कोकणातलं नव्हे, इस्रायलमधलं. त्या घरांची आणि विशेषतः त्यांनी उभ्या केलेल्या मंडळांची गोष्ट मला आज सांगायची आहे.

आपल्याकडच्या या ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज समुद्रात गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. केव्हा, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. खात्रीनं सांगता येतं ते एवढंच की कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत होती आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होती. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. भाषा मराठी, बायकांचं लुगडं मराठी, आडनावं गावांवरून पडलेली. रोहेकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर. माणसांची नावंसुद्धा कशी, तर सॅम्युएलचा सामाजी आणि मोझेसचा मुसाजी.

त्यांची जमात चालायची तीही आपल्यासारखीच. प्रत्येक वस्तीला एक मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुले, धर्मविधीला काजी, पैशाला गबाय. काजी मुसलमानी शब्द, चौगुला मराठी आणि गबाय हिब्रू! भांडण झालं की मुकादमापुढे, लग्न ठरलं की मुकादमाला विचारून, दंड झाला तर तो प्रार्थनालयाच्या पेटीत. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनालय १७९६ सालचं. ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हस्साजी यांनी मांडवी भागात बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी नवस फेडला, असं सांगतात. पुढे तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट नाव मिळालं. तांबाकाट्यावरून चालत गेलात तर फार लांब नाही. आमचे वडील त्या भागातून पोती भरून आणत, म्हणजे ती परात किती जवळून आली असेल पाहा.

मुंबईत आल्यावर घाणा सुटला. कुणी पलटणीत गेला, कुणी रेल्वेत, कस्टममध्ये, पोस्टात, पोलिसात. गावातला मुकादम गावातच राहिला. शहरात नवी गरज उभी राहिली आणि मग सुरू झाली मंडळं. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १८८० साली कीर्तनोत्तेजक मंडळ निघालं. होय, कीर्तन! अब्राहम, मोशे, योसेफ यांची आख्यानं, आपल्याच चालींवर, ओव्या-साक्यांत, मराठीतून. आपल्या हरिदासांची कीर्तनं ऐकून त्यांना वाटलं, हे तर आपल्याकडेही करता येईल. त्याही आधी, १८४६ मध्ये, वल्हांडणाच्या रात्री वाचायचं हग्गादा त्यांनी मराठी अर्थासह छापून घेतलं होतं. १९१३ मध्ये बायकांचं स्त्री मंडळ आलं.

आणि १९१७ मध्ये तर कमाल झाली. साऱ्या समाजाची एक संघटना हवी म्हणून खटपट सुरू झाली आणि त्याच वर्षी संघटना झाल्या दोन! एक बेने इस्राएल परिषद, दुसरी अखिल भारतीय इस्राएली लीग. जेमतेम पंधरा-वीस हजारांचा समाज, त्यात दोन अखिल भारतीय संस्था. काही वर्षांत दोन्ही थंडावल्या. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. हे लोक अस्सल मराठी होते याचा याहून मोठा पुरावा मी तरी देऊ शकत नाही.

डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव या ओघात घ्यायलाच हवं. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख. हजारो बाळंतपणं त्यांच्या हाताखाली झाली, १९६६ साली पद्मश्री मिळाली. समाजात त्यांची ओळख मात्र आणखी एका कामासाठी आहे. १९२५ साली त्यांनी ज्यूइश रिलिजस युनियन काढली. तिथे बायका-पुरुष एकत्र बसून प्रार्थना करत आणि न कळणाऱ्या हिब्रूबरोबर कळणाऱ्या भाषेतही प्रार्थना होत. जुन्या वळणाच्या मंडळींना ते रुचलं नाही. पण मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रार्थनेला दहा माणसं मोजताना बाई धरायची नाही, हा जिथे पूर्वापारचा नेम, तिथे एक बाई स्वतःच संस्था काढते.

हे दहाचं गणित आता नीट सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. ज्यूंची सामुदायिक प्रार्थना व्हायची तर तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष हजर पाहिजेत. नऊ असतील तर नाही. मेलेल्यासाठी मुलानं म्हणायची प्रार्थनाही या दहांच्या साक्षीनंच. एकट्यानं देवाला हाक मारता येते, पण काही गोष्टी एकट्यानं होतच नाहीत. ज्या धर्मात शोकालासुद्धा कोरम लागतो, तिथे माणसं जमवणं हा काही हौसेचा उद्योग नव्हे.

जगभर ज्यूंनी जिथे जिथे पाय ठेवला तिथे पहिल्यांदा मंडळ काढलं ते यामुळेच. न्यूयॉर्कमध्ये १८४३ साली जर्मनीहून आलेल्या बारा जणांनी ब्नाय ब्रिथ नावाची संस्था सुरू केली. त्यातला ब्नाय म्हणजेच आपला बेने, शब्द एकच. ‘कराराची लेकरं’ असा त्याचा अर्थ. काम काय, तर आजाऱ्याला मदत, विधवेला पैसे, पोरक्या मुलांची सोय आणि मेलेल्याला नीट मूठमाती. पुढे पोलंड-रशियातून लाखो लोक अमेरिकेत आले. त्यांनी तर आपापल्या गावाची मंडळं काढली, जशी मुंबई-सुरतेत आपली खानदेशी मंडळं असतात. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा न्यूयॉर्कमधलं मंडळ होतं, पण ज्या गावाचं ते मंडळ होतं, त्या गावात एकही ज्यू उरला नव्हता. हिटलरनं सगळ्यांना मारलं होतं. मग या मंडळांनी एक काम केलं. वाचलेल्यांना गाठून, आठवून आठवून, गावातल्या माणसांची नावं लिहिली आणि पुस्तकं छापली. अशी शेकडो पुस्तकं निघाली. कोणत्या गल्लीत कोण राहत होतं, न्हावी कोण, शिंपी कोण, सगळं त्यांत आहे.

आपल्याकडे असं संकट आलं नाही, ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. भारतात ज्यू म्हणून कुणी आम्हाला कधी छळलं नाही, असं हे लोक स्वतः सांगत आले आहेत. उलट १९३४ साली मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली ती जर्मनीतून पळून येणाऱ्यांना आसरा द्यायला. मुंबईचे महापौरपद १९३७-३८ मध्ये डॉ. ई. मोझेस या बेने इस्राएल गृहस्थांकडे होतं. महालक्ष्मी-वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड तो त्यांच्याच नावाचा.

मग युद्ध संपलं. १९४७ साली आपण स्वतंत्र झालो, १९४८ साली इस्रायल झाला. आणि इथून पुढे मंडळांच्या कामाला असं काही वळण लागलं की वाचताना मी अनेकदा थांबलो.

मुंबईत त्या वेळी समाजाचं जीवन भरात होतं. शाळा होती, स्त्री मंडळ होतं, अनाथ-निराधारांची सोय होती, तरुणांचे खेळांचे क्लब आणि युवक संघटना होत्या. त्याच सुमारास ज्यूइश एजन्सीचं कार्यालय मुंबईत आलं. तिचं काम जगातल्या ज्यूंना इस्रायलला नेऊन वसवण्याचं. जे युवक मंडळ परवापर्यंत नाटक बसवायचं, सहली काढायचं, ते आता हिब्रूचे वर्ग घेऊ लागलं, नकाशा दाखवू लागलं. १९६०च्या दशकात ऑर्ट ही संस्था आली. रशियातल्या गरीब ज्यूंना हातकाम शिकवायला १८८० मध्ये निघालेली ती संस्था. मुंबईत ती मुलांना फिटर, टर्नर, वायरमनची कामं शिकवू लागली. ते शिक्षण उत्तम होतं. पण हातात असा कसब आलेल्या पोराला नव्या देशात काम मिळणार हे उघड होतं. माणसं एकत्र ठेवण्यासाठी ज्या संस्था जन्माला आल्या, त्याच माणसांना बोटीपर्यंत पोचवू लागल्या. कुणाचा यात कपट-कावा नव्हता. ज्याला त्याला वाटत होतं, आपण समाजाचं भलं करतो आहोत.

आकडे पाहा. १९५१च्या शिरगणतीत देशात सव्वीस हजारांवर ज्यू होते. त्यांत बेने इस्राएल सर्वांत जास्त, बाकी बगदादी आणि कोचीनचे. १९७१ मध्ये सगळे मिळून सहा हजारांच्या आत. वीस वर्षांत चारांतले तीन गेले.

छळ नव्हता तर गेले का? मला हा प्रश्न शाळेत मुलंही विचारायची. एक उत्तर श्रद्धेचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या दरवर्षी वल्हांडणाला ‘पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये’ असं म्हणायचं, आणि ते यरुशलेम खरोखर दाराशी आलं. दुसरं उत्तर पोटाचं. इंग्रज गेले, तशी रेल्वे-कस्टमच्या नोकऱ्यांची जुनी वाट अरुंद झाली. तिसरं उत्तर आमच्या सोनगीरच्या माणसाला चटकन कळेल. शेजारची चार घरं गेली की पाचव्याला करमत नाही. मुलीला स्थळ कुठलं बघायचं? दहा माणसं कुठून जमवायची? स्टील-ॲल्युमिनियम आल्यावर आमच्याकडचे कारागीर सुरत-नाशिकला गेले. तेव्हा पहिला गेला तो पोटासाठी, शेवटचा गेला तो एकटा पडला म्हणून.

आता तिकडे काय झालं ते ऐका. सुरुवातीला गेलेल्यांना बीरशेबासारख्या वाळवंटाकाठच्या वस्त्यांत पाठवलं गेलं. घरं अपुरी, कामं अंगमेहनतीची, आणि वर रंगावरून वागणूक. गोऱ्यांना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, अशीही त्यांची तक्रार होती. १९५१च्या अखेरीस त्यांनी तेल अवीवमध्ये ठाण मांडलं, उपास केले, आणि मागणी केली ती आम्हाला मुंबईला परत पाठवा अशी. सत्याग्रहाचं हे शस्त्र ते कुठून घेऊन गेले होते, वेगळं सांगायला नको. १९५२ मध्ये शंभरावर माणसांना विमानानं मुंबईला परत आणलं. गंमत म्हणा की दुःख, त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

याहून खोल जखम १९६२ची. तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावण्यापूर्वी त्याच्या आई-आजी-पणजीची चौकशी करा. कारण काय, तर यांच्याकडे घटस्फोट आणि विधवाविवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील याची खात्री नाही. ज्या धर्मासाठी समुद्र ओलांडला, त्याच्याच दारात विचारलं गेलं, तुम्ही खरे कोण?

इथे मंडळ करण्याची जुनी सवय कामाला आली. तिकडच्या बेने इस्राएलांनी कृती समिती केली, मोर्चे काढले, बायकामुलांसह यरुशलेममध्ये धरणं धरलं. मुंबईतही निषेध झाला. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. त्याच महिन्याच्या शेवटी धर्मपीठानं ते फर्मान मागे घेतलं. लहानशा समाजानं सनदशीर मार्गानं मिळवलेला हा विजय मला मोठा वाटतो.

पण खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं. अशी चौकशी त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली नव्हती. मुंबईचे बगदादी ज्यू, म्हणजे ससून वगैरेंचा समाज, बेने इस्राएलांना प्रार्थनेच्या दहांत मोजायला का-कू करत. आणि खुद्द बेने इस्राएलांतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल अशी फूट होती. ज्यांची आई जन्मानं ज्यू नव्हती त्यांची संतती काळी धरली जाई, आणि त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे. ही गोष्ट त्यांच्याच इतिहासकारांनी लपवलेली नाही. आपल्या गावगाड्यात इतकी शतकं राहिल्यावर तेवढंच घेतलं नसतं तर नवल.

इस्रायलमध्ये पुढच्या पिढ्या स्थिरावल्या. लोद, रामला, अश्दोद, दिमोना अशा गावांत मराठी ऐकू येऊ लागली. तिथेही मंडळं निघालीच. प्रार्थनालयं आपली वेगळी, लग्नाआधी मेंदी, शुभकार्याला एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचं ताट, ओलं खोबरं आणि फळं. १९८०च्या दशकापासून तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघू लागलं. इथे असताना ज्यांना ज्यू म्हणून एकत्र यावं लागलं, ते तिथे मराठी म्हणून एकत्र आले. तिकडे सगळेच ज्यू, मग वेगळेपण उरलं ते मराठीचं.

आणि इथे? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आत ज्यू होते. मुंबई, ठाणे, पुणे, आणि कोकणात मोजकी घरं. पनवेल, पेण, अलिबागची प्रार्थनालयं उभी आहेत. ट्रस्ट आहेत, जागा आहेत, दफनभूमी आहेत. वानवा आहे ती माणसांची. लहान गावात सणाला दहा पुरुष जमवायचे म्हणजे आधी फोनाफोनी, मग मुंबईहून कुणी येतंय का याची वाट. माझगावच्या त्या इस्राएली शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत आणि शाळा ज्यूंच्या संस्थेची आहे. जगात एरवी ज्या दोन नावांचं भांडणच ऐकू येतं, ती इथे एकाच हजेरीपटाशी नांदतात. याची बातमी होत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर अर्जाच्या कागदावर त्यांना ‘इतर’ या रकान्यात खूण करावी लागे. हा दर्जा मिळाला तेव्हा तो घ्यायला उरलेली माणसं एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. तरीही त्यासाठी समाजाच्या संस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता.

आमची भट्टी कधीच बंद झाली. पण खानदेशात आणि बाहेरही मोडीचा व्यापार करणारे पुष्कळ जण हे भाषण ऐकत असतील, त्यांना एक विनंती करतो. पोत्यात एखादं जुनं भांडं निघालं, आणि त्यावर मराठी नावाखाली चौकोनी, ठसठशीत अक्षरं दिसली, तर ते वजनकाट्यावर जरूर घाला, विका किंवा वितळवा, तुमचा माल आहे. फक्त त्याआधी हातातल्या मोबाइलवर त्या काठाचा एक फोटो काढा, आणि नाव कागदावर उतरवून ठेवा. आमच्या परातीवरचं पहिलं नाव काय होतं, ते मला आज काही केल्या आठवत नाही.